पळीचे ठोके

पाणी सकाळी सहाला येतं,
असं नगरपालिकेच्या दारावरच्या कागदावर आहे.
कागद गेल्या हिवाळ्यातला. त्याची शाई बर्फानं ओघळली,
म्हणजे त्या दारापर्यंत तरी पाणी पोचलं.

खरी वेळ वार्सेनिकला कळते.
ती तळमजल्यावर. आधी तिचा नळ खोकतो,
मग थुंकतो, मग गंजक्या आवाजात काहीबाही बोलू लागतो.
ती उठते आणि पितळी पळीनं
पाच मजले चढत गेलेल्या पाइपावर ठोके देते.
एक : आलंय, पण गढूळ.
दोन : भरा.
तीन ठोके मी दोनदाच ऐकलेत.
एकदा चुकून गरम पाणी आलं होतं,
एकदा तिला नात झाली.

मी चौथ्यावर. ठोक्यानंतर माझ्या नळापर्यंत
अकरा मिनिटं. शाळेत गणित शिकवते,
मोजल्याशिवाय राहवत नाही.
अकरा मिनिटांत टबाला बूच,
जर्दाळूच्या मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या ओळीनं ओट्यावर,
आणि ती एक लोणच्याची, जिचा शेपूचा वास जाता जात नाही;
आठवड्यातून एक दिवस आमच्या कॉफीला तो येतो.

टबात कुणी आंघोळ केली त्याला सहा वर्षं झाली.
भाचा आला की त्यात कागदाची होडी सोडतो.
पिण्याचं आहे ते! मी ओरडते,
आणि होडी राहू देते.

तांदूळ धुतलेलं कुंडीला,
बशा विसळलेलं फरशीला,
फरशीचं संडासात.
खिडकीतून अरागात्स दिसतो,
जून लागला तरी चारही शिखरं पांढरी.
पडदा लावून मी भांडी घासते.

तिसऱ्यावरच्या ह्मायाकनं गुपचूप मोटर बसवली
तेव्हा अख्खी इमारत त्याला पाण्यात पाहू लागली.
(घरात थेंब नसताना हे सोपं नव्हतं.)
जिन्यात कुणी त्याच्याशी बोलेना.
मग एका पहाटे माझ्या दाराशी दोन बादल्या, काठोकाठ,
वर ताटल्या झाकलेल्या. त्याची बायको शोघिक
पायऱ्या उतरून गेलेली होती, फक्त चपलांचा आवाज.
बादली रिकामी परत करायची नसते.
मी तळाशी अक्रोड ठेवले.
मोटरीविषयी आम्ही अजून बोललेलो नाही.

जानेवारीत वार्सेनिक गुडघ्याच्या ऑपरेशनला
लेकीकडे गेली, क्रास्नोदारला.
पहिल्या दिवशी पाणी आलं आणि गेलं,
आम्ही झोपलेलो.
दुसऱ्या दिवशीही.
पाचव्यावरचे म्हातारे गेघाम बर्फ वितळवून दाढी करू लागले,
अर्धीच झाली, तशीच ठेवून दुकानात गेले.
तळमजल्याच्या कुलपाशी आम्ही तिघी-चौघी
किल्ली कुणाकडे आहे यावर भांडलो.
कुणाकडेच नव्हती.

चौथ्या पहाटे पाइप वाजला.
पळी नव्हे, काहीतरी जड, लोखंडी.
एक. मग दोन. मग उगाचच पाच.
ह्मायाक पान्यानं ठोकत होता. मोटर त्याची,
तेव्हा सुगावा त्यालाच आधी लागणार.
त्याला खूण माहीत नाही. कुणी शिकवायला गेलं नाही.
पाच झाले की आम्ही भरतो.

काल वार्सेनिकचा फोन आला.
इथे नळ केव्हाही सोडा, येतंच, ती म्हणाली,
आणि पहाटे पाचला जाग येते ती येतेच.
उठून काय करू? लेक म्हणते, झोप.
गुडघा? बरा आहे गुडघा. ते विचारू नकोस.

तेवढ्यात भिंतीत पाइप वाजला. थांब, म्हटलं,
आणि फोन नेऊन पाइपाला टेकवला.
मला तिचा श्वास ऐकू येत होता,
ती मोजत असतानाचा.

'पान्यानं कोण मारतंय?' ती म्हणाली.
'पाइप फुटेल म्हणावं.'
मग जरा थांबून,
'गढूळ आहे. अजून थोडं वाहू दे.'